गल्लीतला पहिला फ्रिज

घाटंजीच्या त्या गल्लीत पहिला फ्रिज आला तो वच्छलाबाईंकडे. रमजानात रोजा सोडायच्या वेळी बर्फासाठी त्यांच्या दारात गंज-पातेली घेऊन रांग लागायची, आणि रांगेत सगळ्यात पुढे घुसायचा तो कलीम. आता घरोघरी फ्रिज, आणि कलीमचं फ्रिजदुरुस्तीचं दुकान.

"वच्छलाबाईचा फ्रिज बंद पडला रे. बिचारी रोज आपल्याकडे दूध ठेवायले येते, अन् गप्पा मारत बसते. पाहून ये ना," अम्मी म्हणाली, तसा तो गेला.

त्यानं फ्रिज पुढे ओढला. मागे पिन बोर्डातून काढलेली, वायर छान गुंडाळून ठेवलेली. त्यानं पिन लावली अन् फ्रिज जुन्याच घरघरीनं सुरू झाला.

दुधाचा गंज हातात घेऊन उभ्या असलेल्या वच्छलाबाईंचा चेहरा उतरला.

"झाला का बा सुरू?"

कलीमनं त्यांच्याकडे पाहिलं, गंजाकडे पाहिलं. मग हळूच पिन काढली आणि वायर होती तशी गुंडाळून ठेवली.

"नाही काकू, कॉम्प्रेसरच गेला. याचा पार्ट आता कुठंच भेटत नाही. चला, अम्मी तुमची वाट पाहून राह्यली."