मायकडून आलेलं

"नाही म्हणून सांगा पोराकडच्याईले," कमलिनी म्हणाली आणि तिनं काचेची बाटली टेबलावर आपटली.

बाटलीतल्या फळमाश्या तळाशी पडल्या त्या पडल्याच. देवाजीनं शेजारची बाटली आपटून पाहिली. तिच्यातल्या माश्या भराभर चढून वरच्या कापसाच्या बोळ्याला भिडल्या.

"ह्या तं चढल्या की वं!"

"त्याईचा बाप आजारी होता, बाबा, माय धडधाकट होती. न चढणाऱ्याईची माय आजारी होती."

पोरगी रायपूरला माश्यांवर संशोधन करायची. सुट्टीत त्यांच्या खाण्यापिण्याचे हाल नकोत म्हणून बाटल्या घरी भिलाईला घेऊन आली होती.

"शरीरात बारक्या भट्ट्या असतेत, मायटोकॉन्ड्रिया," ती म्हणाली. "त्या बिघडल्या का मेंदू थकते, हातपाय थकतेत. अन् त्या भट्ट्या लेकराले मायकडूनच भेटतेत."

देवाजीची सारी उमर प्लांटच्या भट्टीवर गेलेली. त्यानं आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथं खाटेवर कमलिनीची आई मैनाबाई पडून होती. हात थरथरायचे, पाय लटपटायचे, नजरही अधू झालेली. तिची आई अशीच गेली, भाऊही तसाच गेला.

आणि उद्या साक्षगंध! दुर्गच्या मोहन नगरातलं स्थळ, पोरगा सालस, कमलिनीला मनापासून आवडलेला.

"मले होईन, माह्या लेकराईले होईन. कोणाच्या घरी हे घेऊन जाऊ? मजाक नाही हाय, बाबा."

पोरीला शिकवलं ते हेच ऐकायला का, असं देवाजीला वाटून गेलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

"कमल, इकडे ये." आतून मैनाबाईनं हाक मारली.

दोघंही खाटेपाशी गेली. मैनाबाई भिंतीकडे पाहत म्हणाली, "तू माह्या पोटची नोहोस, बाई."

कमलिनी खाटेच्या कडेला टेकली.

"कॅम्प-एकच्या वस्तीत आमच्या शेजारी ठकूबाई राहे. तुह्या वक्ताले बाळंतपणात गेली बिचारी. मागं कोणी नोहोतं. आम्ही तुले घरी आणलं. विचार तुह्या बाबाले."

कमलिनी वळली. मैनाबाई आता देवाजीकडे डोळे लावून होती.

"खरं हाय," तो कसाबसा म्हणाला. "सांगाची हिंमत नाही झाली."

कमलिनीनं आईच्या कुशीत तोंड खुपसलं आणि ओक्साबोक्शी रडली. "तूच माही माय हायेस. समजलं?"

"मंग रडून कावून राहिली? भट्ट्या दुसरीच्या हायेत तुह्या. उद्या हिरवी साडी नेस. जाय, तोंड धू."

रडता रडता पोरगी हसली आणि मागच्या नळावर गेली.

देवाजीनं दार लोटलं. मैनाबाईचा थरथरता हात हातात घेऊन तो खाटेच्या कडेला बसला.

"दोन दिवस कळा सोसल्या तू या पोरीसाठी, मैना," तो हळूच म्हणाला. "अन् आज एका घडीत तिले दुसरीची करून टाकली."