डोळा भरायचा चाकू

दुरुस्तीच्या दुकानात मिस्त्रीनं चाकूच्या खाचेत नख घालून पातं ओढलं. ते हललं नाही. त्यानं कपडा गुंडाळून पुन्हा ओढलं, तरी नाही, तेव्हा मात्र त्याच्या भुवया वर गेल्या.

"गंजलंय," समोरच्या स्टुलावर बसलेला माळी घाईघाईनं म्हणाला. "नाहीतर माझी बोटं तरी गेलीत. दोन्हीपैकी एक."

गुलाबाची कलमं करण्यात माळ्याची हयात गेली होती. एका झाडाचा कोवळा डोळा काढून दुसऱ्याच्या सालीखाली बसवायचा, ते हा घडीचा चाकू करायचा. महिनाभर त्याचं पातंच उघडेना. रोपवाटिकेच्या मालकानं परवा तोंडावर सांगितलं होतं, सोमवारी कलमं करून दाखवा, नाहीतर तुमचे वाफे माझ्या भाच्याकडे देतो. माळी रोज सकाळी रबरी चेंडू दाबत बसायचा. चेंडू दाबला जायचा आणि चाकू उघडायचा नाही, याचा मेळ काही त्याला लागत नव्हता.

"नवा घेऊ की," शेजारी बसलेली बायको म्हणाली. वाटेतही ती हे चारदा म्हणाली होती. नको म्हटलं तरी ती बरोबर आली होती.

"नव्या चाकूचं आणि माझं जमेपर्यंत दोन वर्षं जातील. तोवर मी उरलो तर!"

मिस्त्रीनं तेलाचे दोन थेंब सोडले, थोडा वेळ थांबला आणि चिमट्यानं पातं ओढून काढलं. ते करकरत उघडलं. कडेला आलेलं तेल त्यानं बोटावर घेऊन पाहिलं.

"गंज असता तर तेल तांबडं झालं असतं. हे पांढरं येतंय."

त्यानं स्क्रू काढला, पातं सुटं केलं आणि दिव्याखाली धरलं. पात्याच्या बुडाशी काचेसारखा पातळ थर होता. सुईनं खरवडल्यावर त्याचे पापुद्रे निघाले.

"हा गोंद आहे काका. फुटका कप जोडतात ना, तो. कुणीतरी सुईनं आत सोडलाय. काम मात्र सफाईनं केलंय, बाहेर थेंब नाही."

 माळ्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"भाचा! त्या भाच्याचंच काम! रोज मला विचारायचा, काका, हात कसा आहे? दात काढून विचारायचा! सोमवारी मालकासमोर सालटी काढतो त्याची."

"त्या बिचाऱ्याच्या नावानं शंख करू नका," बायको म्हणाली. "मी घातला."

मिस्त्रीनं मान खाली घातली आणि फडक्यावर थिनर ओतून तो वॉशर पुसायला लागला. आपल्याला कानच नाहीत, असं त्याचं एकंदर धोरण दिसत होतं.

"तू?" माळी तिच्याकडे वळला. महिनाभर रोज त्याच्या बोटांना तेल चोळणारी ही बाई. तो पलंगाच्या कडेला बसून रडला, तेव्हा पाठीवरून हात फिरवणारी हीच. आणि तो आपला जगभर चोर शोधत होता. काखेत कळसा, गावाला वळसा. "का?"

"सांगून ऐकलं असतंत?"

"काय सांगून?"

तिनं मिस्त्रीकडे पाहिलं आणि पिशवी मांडीवर ओढून घेतली. परक्यासमोर तिला बोलायचं नव्हतं. 

मिस्त्रीनं वॉशर बसवला, स्क्रू पूर्ण आवळला, मग पाव फेरा सैल केला. तेलाचा एक थेंब सोडून चाकू मिटवून पुढे केला.

"बघा आता."

माळ्यानं तो हिसकावूनच घेतला. अंगठा लावताच पातं अलगद उघडलं. त्यानं मिटवलं. उघडलं. पुन्हा मिटवलं. त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

"बघितलंस?" त्यानं मूठ बायकोच्या नाकासमोर नाचवली. "बोटं शाबूत आहेत माझी! सोमवारी दोनशे डोळे भरतो. माझा हात मोडायला निघाली होतीस!"

टेबलावरच्या वर्तमानपत्रावर लाल थेंब पडला. मग दुसरा. मग भराभर तीन-चार.

"मिस्त्री," माळी काळजीनं म्हणाला, "तुम्हाला लागलं वाटतं. आधी ते बघा."

मिस्त्रीनं दोन्ही हात पालथे करून दाखवले, मग उताणे. काळे होते, तेलकट होते, पण कुठे खरचटलेलंसुद्धा नव्हतं.  त्याचा चेहरा मात्र पांढरा पडला होता, आणि तो माळ्याच्या मुठीकडे बघत होता.

माळ्यानं खाली पाहिलं. मिटताना पातं त्याच्या अंगठ्याच्या पेरात रुतलं होतं. अजून तिथंच होतं.

बायकोनं तोवर पिशवीतून पट्टी काढली होती. तिनं जराही न गडबडता चाकू उघडला, अंगठा सोडवला आणि दाबून धरला.

"गेल्या थंडीपासून बोटांवर चिरा दिसल्या की तुम्ही म्हणताय, काटे लागतात," ती हळूच म्हणाली. "काटे नव्हते, अहो, ते. हा चाकू होता."

तिनं पट्टीचे तीन वेढे दिले आणि गाठ मारली.

"घट्ट होतेय का?"

माळी अंगठ्याकडे बघत राहिला. घट्ट की सैल, त्याला सांगता येईना.