सात पिढ्यांचं सूत्र

तिसऱ्याने बापाला शून्यावर धरलं होतं.

मुखित आगायने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कझाकस्तानात तराझच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून 'आगाय', म्हणजे गुरुजी, म्हणवून घेतलेल्या माणसापासून असली चूक लपत नाही. कझाकांची रीतच तशी, बाप पहिला, आजा दुसरा, असं मोजत जायचं. सातव्यापर्यंत कुठेही दोघांचा पूर्वज एक निघाला, तर मुलगा-मुलगी भावंडं ठरतात आणि लग्न मोडतं. पहिल्या दोन एआय मदतनीसांनी हे सूत्र बिनचूक लिहून दिलं होतं. तिसऱ्या शहाण्याने संगणकाच्या सवयीने शून्यापासून सुरुवात केली, त्यामुळे त्याच्याकडे आठवा पूर्वज सातवा होत होता.

वंशावळीच्या शीटमध्ये चार हजार नावं होती, प्रत्येकासमोर फक्त बापाचं नाव, कारण वंश बापाकडूनच मोजायचा. ती कुल्याशने संग्रहालयातली नोकरी सांभाळून नऊ वर्षांत टाइप केली होती. आता तोंडी मोजणी बंद करायची, म्हाताऱ्यांची हमरीतुमरी पुरे झाली, असं कुळातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं. मुखितने तिन्ही मदतनीस पारखायचे आणि कुल्याश म्हणेल त्याचं सूत्र शीटमध्ये बसवायचं.

मुखितने साठ जुनी लग्नं घालून पाहिली. पहिले दोघे साठपैकी साठ गुण घेऊन बसले. तिसऱ्याने चार सुखी संसारांतल्या नवरा-बायकोला भावंडं ठरवलं. त्यातलं एक जोडपं तर पणजी-पणजोबा झालेलं होतं.

"तिसरा बाद," मुखित म्हणाला.

"तिसराच बसवा," कुल्याश म्हणाली.

त्याला वाटलं, ती थट्टा करते आहे. पण ती हसत नव्हती. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. शुक्रवारी या शीटवर पहिलीच जोडी तपासायची होती, कुल्याशचा मुलगा अल्दियार आणि तोरेखानची मुलगी इन्जू. दोघांनी एकमेकांसाठी चार वर्षं वाट पाहिली होती. त्यांचा सामाईक पूर्वज आठवा होता, तिसऱ्याच्या हिशेबाने सातवा.

तोरेखानचं प्रकरण गावात कोणाला ठाऊक नव्हतं? अठ्ठावीस वर्षांपूर्वी कुल्याशचं लग्न त्याच्याशीच ठरलं होतं. होणाऱ्या सासूने येऊन तिच्या कानांत सोयरिकीच्या कुड्याही घातल्या होत्या. मग एके दिवशी तोरेखानच्या बापाने भर बैठकीत बोटांवर मोजून सहावा पूर्वज एकच काढला. कुड्या परत गेल्या. तोरेखान मान खाली घालून बसून राहिला. पंधरा दिवसांत घरच्यांनी कुल्याशला सापारच्या गळ्यात बांधलं. सापार भला माणूस होता. तो गेल्याला सहा वर्षं झाली.

मुखितने ती जुनी जोडीही शीटमध्ये घालून पाहिली होती. पूर्वज नववा निघाला. म्हाताऱ्याला श्रीमंत सून हवी होती, म्हणून त्याने धडधडीत खोटं मोजलं होतं.

"त्यांनी तुमच्या वेळी खोटं मोजलं, म्हणून तुम्ही पोरांच्या वेळी मोजणार?" मुखितने विचारलं.

"तसं समजा."

"अहो, स्वतःच्या मुलाच्या संसाराला काडी लावताय तुम्ही."

"सूत्र बसवा, आगाय."

वंशावळ तिची, शेवटचा शब्द तिचा. मुखितने निमूटपणे सूत्र बसवलं, आणि स्वतःचीच त्याला लाज वाटली.

शुक्रवारी दुपारी सगळे जमले. दुधाच्या चहाचे वाडगे फिरले. कुल्याशने दोघांचे क्रमांक टाकले. शीटने सातवा पूर्वज एक असल्याचं दाखवलं. बैठकीतल्या सर्वांत वृद्ध गृहस्थांनी मुखितकडे वळून विचारलं, सूत्र नीट तपासलं आहे ना? मुखित म्हणाला की निवड कुल्याशची आहे.

तोरेखान उठला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. एवढा ताठ माणूस, पण त्याचा आवाज कापत होता.

"कुल्याश, माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. पोरांनी तुझं काय वाईट केलंय?"

"त्या दिवशी तू तोंड उघडलं असतंस," ती म्हणाली, "तर आज मला मोजावं लागलं नसतं."

हे वाक्य तिने अठ्ठावीस वर्षं घोटून ठेवलं असावं, इतकं ते सहज आलं. तोरेखान पांढराफटक पडला. त्याच्याकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मुखितला बघवेना. सूड उगवलेलं माणूस त्याने इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

इन्जू रडत बाहेर गेली. अल्दियार आईसमोर येऊन उभा राहिला. तुझ्या मातीलाही येणार नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला आणि त्याच दिवशी अल्माटीला निघून गेला. कुल्याशने त्याला अडवलं नाही.

मुखितने दोन दिवस कसेबसे काढले. सोमवारी सकाळी तो तडक संग्रहालयात गेला. कुल्याश एकटीच टेबलाशी बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण मुखितला तिची कीव आली नाही.

"तुमचं उट्टं काढून झालं," तो म्हणाला. "त्यात मी साथ दिली, हे माझं पाप. आता मी बैठकीला खरं सांगणार आहे. पहिल्या दोघांची सूत्रं बरोबर आहेत आणि ते लग्न होऊ शकतं."

कुल्याशने उठून दार लावून घेतलं आणि कडी घातली.

"तोरेखानचा चेहरा पाहून मला बरं वाटलं, ते मी नाकारत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही जायच्या आधी एवढं ऐका. तुमच्या तपासणीआधी मी त्या तिघांकडूनही एक जोडी तपासून घेतली होती. हीच जोडी, अल्दियार आणि इन्जू. फक्त अल्दियारच्या ओळीत बापाच्या जागी सापारचं नाव पुसून तोरेखानचं घातलं होतं. तेव्हा तिघांचंही उत्तर एकच आलं, आगाय. भावंडं."