निळा हात

मोठे डॉक्टर खांडेपारकर राउंडला आले, तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत असा निळा झळकत होता की मोरानं लाजावं. वॉर्डात नवा दिवा लागल्यापासून कुठल्याच औषधाला न जुमानणारे जंतू असेच निळे दिसत. हात सगळ्यांना दिसला. सिस्टरनं छताकडं पाहिलं, शिकाऊ डॉक्टरांनी आपापल्या बुटांकडं.

सगुणाच्या नवऱ्याच्या पोटावरची जखम पट्टी काढून उघडी ठेवली होती. तो निळा हात तिकडं निघाला, तसं तिनं मनगटच धरलं.

"आधी हात धुवा."

"बाई, मी कोण आहे ठाऊक आहे?"

"दिसतंय की! शेजारच्या खाटेवरचं सगळं घेऊन आलात."

"अगं, सोड त्यांना," तिचा नवरा दत्ताराम पडल्या पडल्या कळवळला. "देवमाणूस आहेत ते."

"मग देवळात बसवा! इथं तुमचं पोट उघडं आहे."

डॉक्टर भडकले. "तो दिवा बंद करा आधी!"

दिवा विझला. हात कसा गोरापान, स्वच्छ दिसू लागला. दत्तारामचा जीव भांड्यात पडला.

"दिवा विझला म्हणून जंतू मेले होय?" सगुणा कडाडली आणि अख्ख्या वॉर्डादेखत तिनं डॉक्टरांना फरफटत बेसिनपाशी नेलं. दातओठ खात त्यांनी साबण चोळला.

ते नळ बंद करणार, तोच खाटेवरून दत्ताराम अगदी अदबीनं म्हणाला, "डॉक्टरसाहेब, अंगठा राहिला."