बोटभर जागा

सत्यशीलाबाई गिरी यांच्या पत्राला राधाकिशनरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं आणि आता ऊन तापायला लागलं होतं.

'सर, तुमचा लेख वाचला. आमचे मूळपुरुष शस्त्रधारी गोसाव्यांच्या आखाड्यातले, आजन्म ब्रह्मचारी, असं तुम्ही सुरुवातीला लिहिलंय. आम्ही त्यांचे वंशज, असं शेवटी लिहिलंय. मग मधे कुणीतरी बाई असणार. तिचं नाव तुम्हाला कुठं सापडलं का? आम्ही तिला नुसतं आई म्हणतो.'

एवढंच पत्र. राधाकिशनराव बीडला ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यापासून ते या आखाड्याच्या मागे लागले होते. आपला मंत्र बाहेर कुणाला न सांगणारे, खुणेवरून एकमेकांना ओळखणारे, मठात राहणारे आणि घोड्यावर लढणारे हे लोक. त्यांचा माग आपल्या जिल्ह्यात लागला म्हणून ते मनातून हरखले होते. पत्र आल्यावर त्यांनी आपलाच लेख काढून पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, आणि त्यांचे कान गरम झाले. दोन पानांच्या मधे एक बाई उभी होती आणि ती त्यांना दिसलीच नव्हती. उत्तर काय देणार?

आज ते तलवाड्यापलीकडच्या गिरींच्या गावात, मठाच्या अंगणात उभे होते. गळ्यात हार होता. हिंमतगिरी महाराजांच्या समाधीशेजारी नवी संगमरवरी शिळा बसवली होती. सुंदरराव गिरींनी वरचं कापड ओढलं.

"वाचून घ्या सर. काही चुकलं नसंल. अक्षर न् अक्षर तुमच्या लेखातलं हाय."

राधाकिशनरावांनी चष्मा नीट केला. 'वीर हिंमतगिरी महाराज, आजन्म ब्रह्मचारी.' त्याच्या खाली बोटभर जागा. त्याच्या खाली, 'त्यांचे चिरंजीव तेजगिरी.' मग चिरंजीवांचे चिरंजीव, थेट सुंदररावांच्या नातवापर्यंत. त्यांची नजर त्या बोटभर जागेवर अडकली.

"छान आहे," ते म्हणाले.

"ऐकलं का बे?" सुंदरराव भावकीकडं वळून ओरडले. "सरांनी पास केलं!"

टाळ्या वाजल्या. एक म्हातारी बाई चहाचा कप घेऊन आली. पांढरं पातळ, डोळ्यांवर जाड चष्मा.

"मी सत्यशीला. ह्यांची भावजय. माझं पत्र पोचलं होतं का, सर?"

सुंदरराव शेजारीच उभे होते. सगळी भावकी बघत होती.

"पत्र? नाही," राधाकिशनराव म्हणाले. "पत्र काही मिळालं नाही."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग बाईंनीच त्यांना पेचातून सोडवलं. "नसंल पोचलं. पोष्टाचं काय खरं हाय? मला येणारी पत्रं तर आधी भाऊजींच्या दुकानात वाचली जातात, मग मला मिळतात."

"उघडं कार्ड असलं तर वाचणारच की, वहिनी," सुंदरराव हसले. "पाकीट आमी कधी फोडत न्हाई."

सगळे हसले. राधाकिशनरावही हसले. मग त्यांना बोलायला उभं केलं, तेव्हा ते आखाड्याच्या शौर्यावर बोलले. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले.

निघताना ते चपला घालायला गेले. येताना सगळ्यांनी समाधीजवळच्या बुटक्या दगडी ओट्यावर चपला काढल्या होत्या, म्हणून त्यांनीही तिथंच काढल्या होत्या. आता सत्यशीलाबाई तिथं वाकून एकेक जोड उचलून खाली मातीत ठेवत होत्या. सुंदररावांचे बूट ठेवले. मग राधाकिशनरावांच्या चपला.

"अहो, राहू द्या, मी घेतो," ते ओशाळून म्हणाले.

"तुमच्यासाठी न्हाई, सर." बाईंनी पदरानं ओटा पुसला. त्यावर ना पिंड होती, ना नाव. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. "इथं आई हाय."

राधाकिशनरावांनी चपला पायात सरकवल्या आणि एसटी गाठली. हार त्यांनी गळ्यातून काढून हातात धरला होता. तो तिथं ठेवायला हवा होता, हे त्यांना सुचलं तेव्हा वाटेतली गेवराईही मागं पडली होती.

दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी बसले. आधी पाच-सहा पानांचं पत्र लिहिलं. त्यात संदर्भ होते, साधनांच्या अडचणी होत्या, प्रकृतीचं कारण होतं. पाकिटावर पत्ता घातला. मग ते सगळं फाडून ते पोस्टात गेले, एक कार्ड घेतलं आणि तिथल्याच बाकावर बसून ठळक अक्षरात लिहिलं.

'सत्यशीलाबाई, तुमचं पत्र मला मिळालं होतं. काल मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. आईचं नाव मला माहीत नाही. मी ते कधी शोधलंच नाही. शिळेवर पहिल्या दोन ओळींमधे बोटभर जागा आहे. तिथं "आई" एवढं तरी कोरून घ्या. मी सांगितलं म्हणून सांगा.'

पत्त्यात त्यांनी लिहिलं, 'द्वारा सुंदरराव गिरी, किराणा दुकान.'

खिडकीतल्या ओळखीच्या बाई म्हणाल्या, "सर, पाकीट देऊ का? असं वाटेत कुणीही वाचेल."

राधाकिशनरावांची मान खालीच होती.

"वाचू द्या," ते म्हणाले, आणि त्यांनी मजकुराची बाजू वर करून कार्ड खिडकीतून आत सरकवलं.