बायकांच्या मापाचे बूट

“लिफ्ट सामानासाठी आहे,” मॅडम म्हणाली आणि जिना चढू लागली.

मैदान सोडून बरीच वर्षं झाली होती, पण चाल अजून धावपटूचीच होती. ऑफिसात तिला समोर मॅडम म्हणत, मागे ढांगबाई. बायकांच्या धंद्यात पैसे घालणारी म्हणून तिचं नाव होतं आणि तिची तऱ्हाही ठरलेली होती. पाच मजले चढता चढता धंदा समजावून सांगायचा. वर पोचेपर्यंत पटलं तर आत बसून बोलणं, नाहीतर तिथूनच परत.

बूट करणारी बाई खांद्याला पिशवी अडकवून मागोमाग निघाली. अंगात ढगळ कोट होता. “कारखान्यातल्या बायकांना सेफ्टी शूज मिळतात ते पुरुषांचेच, मॅडम. पुढे कापूस कोंबून दिवसभर उभ्या असतात बिचाऱ्या. आम्ही बायकांच्या मापाचे करतो. आता मोठं मशीन घ्यायचंय...” दुसऱ्या मजल्यानंतर वाक्यं तुटू लागली. तिसऱ्यावर ती कठडा धरून थांबली.

“एवढ्यात दमलात?” मॅडमने वरून विचारलं. “मग धंदा कसा ओढणार?”

बाईने कोटाची बटणं सोडली. लपवण्यात आता अर्थ नव्हता. “सातवा महिना आहे. आधी दोघांकडे जाऊन आले. पोट बघूनच म्हणाले, मोकळ्या व्हा, मग बघू. म्हणून हा कोट.”

“आणि तुमच्या बाळंतपणात काम कोण बघणार?”

बोलून गेली आणि मॅडमला स्वतःचीच लाज वाटली. बायकांच्या बाजूने एवढी भाषणं ठोकायची, आणि विचारायचं काय, तर हे!

“माझी जाऊ.” बाईने पिशवीतून एक जोड काढून पायरीवर आपटला. “परवा मी दवाखान्यात होते तेव्हा हा तिने एकटीने केलाय. माझा हातही लागलेला नाही. तुमचंच माप आहे, तुमच्या ड्रायव्हरला गाठून काढलं. घालून बघा.”

मॅडम पायरीवर बसली. आपले बूट काढून तिने बाईच्या पिशवीत टाकले आणि नवे चढवले.

“तुम्ही लिफ्टने या,” नाडी आवळत ती म्हणाली. “मी हे घालून येते. चावले तर पैसे नाहीत.”

“आणि नाही चावले तर?”

मॅडम तोवर उठली होती.

बाई पाचव्या मजल्यावर लिफ्टमधून उतरली. जिन्यात जड बूट वाजत होते, भराभर, मधली एकेक पायरी गाळून. पोटावर हात ठेवून ती ऐकत राहिली.

मॅडम वर आली ती थांबलीच नाही. बुटांसकट तडक आत गेली आणि कारकुनाला म्हणाली, “करार आजच तयार करा. बाळ झाल्यावर यांना वेळ मिळायचा नाही.”