तळहातातली काच

शाळेसमोरचे गतिरोधक साहेबांनीच काढायला लावले होते; गाडीत त्यांच्या कमरेला हिसके बसत म्हणून. पुढे तिथे जे झालं, त्याची बातमी दिसताच त्यांनी पान उलटलं होतं.

आज पेला फुटून तळहातात काच घुसली आणि ते अपघात विभागात आले. सिस्टरने चिमट्याने तुकडा काढून ट्रेमध्ये टाकला. टण्ण.

"ही पेल्याची नाही. गाडीची आहे."

"अक्कल पाजळू नका. आटपा लवकर!"

टण्ण. पुन्हा टण्ण. एवढ्याशा जखमेतून ओंजळभर काचा निघाल्या. साहेबांनी हात ओढला, तो हलेना.

मग चिमट्यात दुधाचा दात आला.

सिस्टर जखमेवर वाकली आणि मायेने म्हणाली, "रडू नकोस हं बाळा, काढते तुला."